दाखला जोडलेला गोवा

अर्धापुरात नवरा-बायको दोघंच, लेकराबाळांवाचून, बॅग घेऊन बसस्टँडवर उभे दिसले की बघणारा विचारतो, "कोणता दवाखाना?" यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विचारणारा काळजीनंच विचारत असतो. आपल्याकडं जोडीनं जायच्या जागा ठरलेल्या आहेत. नांदेडच्या डॉक्टर लेनमधला दवाखाना, रजिस्ट्रीचं ऑफिस (तिथं बायकोची सही लागते म्हणून), सोयऱ्याकडचा दहावा आणि पोरासाठी मुलगी बघणं. तिरुपती म्हणाल तर तिथं क्रूझर भरून जातात, दोघं नाही. धडधाकट माणसं, कुणी मेलेलं नसताना आणि कुणाचं जमवायचं नसताना, नुसतीच फिरायला निघाली म्हटलं की गाव जरा वेळ गप्प बसतं आणि मग म्हणतं, "काही तरी असंल."

त्यामुळं आमची अक्का आणि दाजी अंदमानला जायलेत ही बातमी केशवराजाच्या देवळापासून तामसा रोडपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं दाजींना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "काळ्या पाण्यावर? काय केलाव हो तुम्ही?"

अंदमानच का, याचं पहिलं उत्तर सावरकर हे नाही. पहिलं उत्तर एलटीसी आहे. दाजी पोस्टात आहेत, नोकरी लातूरला. केंद्र सरकारच्या नोकराला स्वग्रामी जायची जी प्रवास सवलत मिळते, ती गावाऐवजी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा अंदमानकडं वळवता येते. ज्याला एरवी विमानाचा हक्क नाही, त्यालाही चेन्नई-कोलकात्यासारख्या ठरावीक शहरांतून पोर्ट ब्लेअरला विमानानं जाता येतं. सरकार या सवलतीला दोन-दोन वर्षांची मुदतवाढ देत आलंय आणि दर वेळी ही शेवटचीच असं समजून खातं रजेचे अर्ज टाकतं. म्हणजे हिशेब असा, की दाजींनी अर्धापूरला यायचा सरकारी हक्क एकदा सोडला आणि त्याच्या बदल्यात अंदमान घेतलं. सौदा म्हणून वाईट नाही. त्यांच्याच गल्लीत जिल्हा परिषदेचे एक गुरुजी राहतात. त्यांना राज्य सरकारच्या सवलतीत 'महाराष्ट्र दर्शन' आहे. एका गल्लीत एकाला प्रवाळ आणि दुसऱ्याला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. गुरुजी तेव्हापासून दाजींशी मोजकंच बोलतात.

दुसरं उत्तर मात्र सावरकर हेच. पन्नाशीतल्या मराठी माणसालाही समुद्रात डुंबावंसं वाटतं, हाफ चड्डी घालून वाळूत पडावंसं वाटतं, पण तसं बोलायची सोय नाही. गोव्याला जायलाव म्हटलं की गाव डोळा मारतं. थायलंड म्हटलं तर पुढचं ऐकायला कुणी थांबतच नाही, ज्याचं त्यानं ओळखलेलं असतं. मालदीव नव्या नवरा-नवरीचं. त्यातही २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी हदगावच्या पुढचं तिकीट काढलं नव्हतं अशा पोरांनीही आपली मालदीवची सहल रद्द झाल्याचं स्टेटस टाकलं. राहिलं अंदमान. अंदमान म्हटलं की समोरचा माणूस बसल्या जागी ताठ होतो. "वा! कोठडीचं दर्शन घ्या." झालं. पुढचे पाच दिवस तुम्ही काय करता, काय घालता, काय पिता, याची विचारपूस होत नाही. अंदमान म्हणजे चारित्र्याचा दाखला जोडलेला गोवा. त्या माणसाला पन्नास वर्षांची शिक्षा झाली होती. तिच्या जोरावर आमच्या पिढीला सहा दिवसांची सूट मिळते.

तसं सरकारी खर्चानं अंदमान ही सोय आपल्या मुलखाला एलटीसीच्या फार आधीपासून आहे. अर्धापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १७ जुलै १८५७ ला हैदराबादेत इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर रोहिल्यांना घेऊन चालून गेलेले मौलवी अल्लाउद्दीन पुढं पकडले गेले आणि अंदमानला धाडले गेले. परतीचं तिकीट त्यात धरलेलं नव्हतं. ते तिथंच वारले. दाजींच्या ग्रुपमध्ये हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगितल्यावर कुणी 'दर्शन घ्या' असंही म्हणालं नाही. असो.

ग्रुप म्हणालो ते मुद्दाम. दोघंच जाणार म्हणता म्हणता पोस्टातली पाच जोडपी झाली. "दोघंच काय करायचं तिथं? करमंल का?" हा प्रश्न दाजींनी स्वतःच उपस्थित केला आणि स्वतःच पाच जोडप्यांनी सोडवला. लग्नाला तीस वर्षं होत आलेला माणूस बायकोसोबत करमेल का, हे इतक्या निरागसपणे विचारतो, तेव्हा त्याला खोटं पाडायला जीव होत नाही. त्यांचा संसारच तसा. सोमवार ते शनिवार दाजी लातूरला खोलीवर. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं लोहा, नांदेड करत अर्धापूर. रविवारी अक्कानं धुणं धुवायचं, दाजींनी बागेत चक्कर मारून यायची, आणि सोमवारी पहाटे पुन्हा पिशवी. असा संसार उत्तम चालतो. भांडायलाही रविवार पुरत नाही. अशा दोन माणसांना सलग सहा दिवस, तेही बेटावर, जिथून बस पकडून निघून येता येत नाही, एकत्र ठेवायचं म्हणजे धोकाच होता.

पण सहल आखणाऱ्या कंपन्यांना माणसाचा स्वभाव कळतो. माझं तर मत असं झालंय, की सहलीची कार्यक्रमपत्रिका ही नवरा-बायकोला एकमेकांपासून वाचवण्यासाठी बनवलेली असते. पहाटे पाचला गजर. साडेपाचला चहा. सहाला बस. मग पॉइंट, पॉइंट, जेवण, पॉइंट, बोट, पॉइंट. रात्री जेवणानंतर अंताक्षरी, म्हणजे खोलीत जाईपर्यंत डोळे मिटलेले. अंदमानात तर निसर्गही कंपनीला सामील आहे. पोर्ट ब्लेअर आपल्या नांदेडच्या पूर्वेला पंधरा अंश रेखांशावर आहे, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा पूर्ण तासभर पुढं. घड्याळ मात्र तेच. जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला तिथं सूर्य बुडतो. आपल्याकडं ज्या वेळेला माणूस दुसरा चहा घ्यायचा विचार करतो, त्या वेळेला तिथं अंधार. संध्याकाळ नावाचा जो धोक्याचा प्रहर असतो, ज्यात माणसं हात धरून वगैरे चालतात म्हणे, तो तिथं उरकूनच गेलेला असतो.

सामानाचं लांबण लावत नाही. धपाटे, कारळाची चटणी, जवसाची चटणी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. कंपनीनं मराठी जेवणाची हमी दिली होती, सोबत आचारी होता, तरीही. हमीवर कोण विश्वास ठेवणार? दाजींनी आपल्या परीनं एकच गोष्ट जपली : बोर्डिंग पास. ते पावत्यांसकट सादर केल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणून ते कमरेच्या पाकिटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. चेन्नईच्या विमानतळावर अक्का गर्दीत मागं राहिली हे त्यांना बऱ्याच उशिरानं कळलं. पाकीट मात्र ते दर पाच मिनिटांनी चाचपत होते. तशी घरून निघाल्यापासून रेल्वेनं हैदराबाद, तिथून रेल्वेनंच चेन्नई, एवढं झाल्यावर सव्वादोन तासांचं विमान. त्यातला अर्धा वेळ पट्टा लावण्यात आणि सोडण्यात गेला.

उतरल्यावर पहिला घोळ नावांचा. तिकिटावर पोर्ट ब्लेअर, पण सप्टेंबर २०२४ पासून गावाचं नाव श्री विजयपुरम. २०१८ च्या डिसेंबरात रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप. गाइड जुनं नाव सांगतो, पाटी नवं सांगते, बोटवाला दोन्ही सांगतो. दाजी पोस्टातले असल्यानं त्यांना याचा त्रास झाला नाही. पत्ता कसाही लिहिलेला असला तरी टपाल पोचतं, एवढी श्रद्धा त्यांची अजून आहे.

सेल्युलर जेलमध्ये ग्रुप पहिल्याच दिवशी गेला. दाखल्यावर शिक्का आधी मारून घ्यायचा असतो. इंग्रजांनी हा तुरुंग १८९६ ला बांधायला घेतला, १९०६ ला पुरा केला. मधोमध मनोरा आणि त्याच्यातून सात दिशांना निघालेल्या सात इमारती. खुबी अशी, की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडं. सगळ्या मिळून सातशेच्या आसपास कोठड्या, पण एका कैद्याला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. पंधरा फूट लांब, नऊ फूट रुंद, आणि उजेडाची खिडकी हात पोचणार नाही इतकी उंच. माणसाला मारण्यापेक्षा एकटं ठेवणं स्वस्त पडतं, हे इंग्रजांना कळलेलं होतं. आता सातांतल्या तीनच उरल्यात. आवारात सरकारी दवाखाना आहे. सावरकर ४ जुलै १९११ ला इथं आले, मे १९२१ मध्ये इथून हलवले गेले. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात, पण दोघा भावांना भेटायची मुभा नव्हती. खाली कोलू आहे. त्याला बैलाऐवजी माणूस जुंपायचे आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घ्यायचे. कागद मिळत नव्हता म्हणून सावरकरांनी भिंतीवर खिळ्या-काट्यांनी कविता कोरल्या आणि पाठ केल्या.

हे सगळं गाइड सांगत असताना ग्रुप रांगेत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या कोठडीत एका वेळी चार-पाच जण मावतात, म्हणून जोडीजोडीनं सोडत होते. आत जायचं, तसबिरीला नमस्कार, गजांआडून एक फोटो, बाहेर. गजाला दोन्ही हातांनी धरून चेहरा पाडायचा, ही पोज कुणी शिकवली ठाऊक नाही, पण ती सगळ्यांना येते. दाजींच्या पुढच्या साहेबांचा चेहरा पडेना. सारखं हसू यायलं. त्यांच्या बायकोनं सांगितलं, "ऑडिटची आठवण काढा." लगेच पडला.

मग समुद्राकडं तोंड करून ग्रुपनं सावरकरांची ती समुद्रावरची प्रसिद्ध कविता म्हटली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, एवढं मी अक्काच्या शब्दावर सांगतो. फक्त ती कविता या समुद्रावरची नाही. ती सुचली इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर, अटक व्हायच्या आधी. पण हे बोलून दाखवणाऱ्या माणसाला पुढच्या सहलीला कुणी नेत नाही, म्हणून गाइडही बोलत नसावा.

एकान्तवासासाठी बांधलेल्या त्या इमारतीत पर्यटकाला एकान्त मिळत नाही, हे बरंच आहे म्हणा. मिळाला तर त्याला तिथं काहीतरी वाटेल, आणि पुढचा पॉइंट चुकेल.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला केळं होतं. हे जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण अर्धापूरच्या माणसाला केळं बघून काय वाटतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं केळी ही शोभा नाही, ती उधारी आहे. इसापूरच्या कालव्याचं पाणी तालुक्यात आलं तसा शिवार हिरवा झाला. अर्धापुरी हे वाणाचं नाव झालं. शेतकीच्या पुस्तकांत बसराई, श्रीमंतीच्या ओळीला ते छापलेलं असतं. आता बागा टिश्यू कल्चरच्या जी-नाइनच्या. मृगबाग, कांदेबाग, ठिबक, रोज खत, वर्षभर माणूस झाडाला बांधलेला. आणि घड कापणीला आला की व्यापारी सकाळी एक भाव सांगतो, दुपारी फोन उचलत नाही. दाजींच्या बागेनं क्विंटलला दोन हजार बघितलेत आणि त्याच्या पावातही माल दिलाय. वैशाखातल्या वादळात एका रात्रीत उभी बाग आडवी झालेलीही बघितलीय. असा माणूस बेटावरच्या हॉटेलात नाश्त्याला बसतो आणि पांढऱ्या टोपीतला पोरगा त्याच्यापुढं चिनी मातीची बशी ठेवतो. बशीत केळ्याच्या सहा चकत्या, वर पुदिन्याचं पान, शेजारी काटा. बशीखाली केळीच्या पानाचा गोल कापलेला तुकडा. मेनू कार्डावर लिहिलेलं : ट्रॉपिकल फ्रूट प्लेट. आणि किंमत.

दाजींनी किंमत वाचली. चकत्या मोजल्या. मग त्यांनी मनात क्विंटलचा भाव काढला आणि बराच वेळ काही खाल्लं नाही.

"खा की," अक्का म्हणाली, "पैसे पॅकेजमधी आहेत."

"ही कच्ची कापलीय," दाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते केळ्याच्या खरेदीदाराच्या बाजूला बसले होते, आणि पहिलं वाक्य व्यापाऱ्याचंच निघालं.

बाकी बेट म्हणून जे जे दाखवतात, ते अर्धापूरच्या माणसाला अर्धं ओळखीचंच असतं. हिरवं पान, दमट हवा, चिखल, डास. जाहिरातीतली बाई केळीच्या पानाआडून बघते ते बघायला आमचा माणूस दोन दिवस रेल्वेत बसून जातो. घरी तेच पान तो फाडून गुरापुढं टाकतो. फरक काय तो समुद्राचा. आणि तो मोठाच फरक आहे, हे मान्य. पैनगंगेला कितीही पूर आला तरी तिला लाट येत नाही.

नॉर्थ बेला वीस रुपयांचा किस्सा झाला. जुन्या तांबूस वीसच्या नोटेवर मागं जी माडांची आणि दीपगृहाची आकृती असते, ती इथलीच. गाइड बोट थांबवतो आणि म्हणतो, नोट काढा, जुळवून बघा. दाजींनी खिशातून वीसची नोट काढली. हिरवट-पिवळी, २०१९ नंतरची. तिच्यावर वेरूळ. सगळ्या बोटीनं खिसे बघितले, सगळ्यांकडं वेरूळच. चार लोकांनी नोट दीपगृहाशेजारी धरून फोटो काढलाच. अंदमान बघायला निघालेल्या माणसाच्या खिशातून मराठवाडा निघाला, पण त्याची दखल कुणी घेतली नाही. त्या बोटीतल्या निम्म्या लोकांनी वेरूळ पाहिलेलं नव्हतं. कारण तिथं एलटीसी लागत नाही. कधीही जाता येतं.

बाराटांगच्या वाटेवर जारवांचं जंगल लागतं. गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्यानं, पोलिसांसोबत सोडतात. थांबायचं नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. २०१२ मध्ये इथल्या जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याचे व्हिडिओ जगभर फिरले आणि देशाची लाज निघाली; पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं काही काळ पर्यटकांची ही वाटच बंद केली होती. हे सगळं माहीत असलेल्या बसमध्येही पूर्ण रस्ताभर एकच प्रश्न चालू होता : "दिसले का?" आपल्याच देशातली माणसं, आणि आपण त्यांना ताडोब्यातल्या वाघासारखं हुडकायलाव, हे कुणाच्या डोक्यात आलं असेल तर ते तसं बोललं नाही. ग्रुपमधल्या एका बाईंनी शेवटी कंपनीच्या माणसाकडं तक्रार केली, की पॅकेजमध्ये होतं आणि दिसले नाहीत. या बाबतीत उत्तर सेंटिनलचे लोक मला समजूतदार वाटतात. त्यांनी पाहुण्यांना कधी ताटकळत ठेवलं नाही. यायचं नाही म्हणजे नाही, हे ते बाणानं सांगतात. २०१८ मध्ये एका अमेरिकन धर्मप्रचारकाला ते जिवावर बेतून कळलं. त्या बेटाच्या पाच सागरी मैलांच्या आत जायला सरकारचीच बंदी आहे. अंदमानात पॅकेज नसलेलं असं बेट अजून आहे, याचं मला तरी बरं वाटतं.

खरी परीक्षा स्वराज द्वीपला झाली. राधानगरचा किनारा. टाइम मासिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वांत चांगला म्हणून निवडलेला. कार्यक्रमपत्रिकेत इथं एक भयंकर ओळ होती : 'दुपारी ३ ते ५ मोकळा वेळ'. पॉइंट नाही, गाइड नाही, आचारी मागच्या मुक्कामी. पाची जोडपी वाळूवर वेगवेगळी बसली, कारण सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरवलं तर ते बरं दिसणार नाही असं प्रत्येकाला वाटलं.

"मोठाय," दाजी म्हणाले.

"हो," अक्का म्हणाली.

थोड्या वेळानं दाजी म्हणाले, "खारं असंल."

"असंलच की."

इथं संसारातलं संभाषण संपलं. पुढं जवळजवळ दोन तास होते. पूर्वीचा काळ असता तर या जोडप्याला नाइलाजानं आणखी काही बोलावं लागलं असतं. पण सरकारनं हाही प्रश्न सोडवलेला आहे. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालून टाकलेल्या केबलचं उद्घाटन झालं. सुमारे २,३०० किलोमीटर. स्वराज द्वीपही तिला जोडलंय. त्याआधी बेटांचं इंटरनेट उपग्रहाच्या भरवशावर असायचं. साधा फोटो पाठवायचा तर आधी उसंत काढावी लागे. म्हणजे २०२० पर्यंत अंदमानात गेलेली जोडपी एकमेकांशी बोलून परतत असणार, असा माझा अंदाज आहे. त्या दिवसानंतर नाही. समुद्राच्या तळातून, प्रवाळाच्या शेजारून, देशानं एवढा खर्च करून जी तार ओढली, तिच्यातून तीन वाजून आठ मिनिटांनी दाजींच्या सालगड्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मालक, कॅनॉलची पाळी आली. पाटकरी म्हणायलाय आत्ताच घ्या."

"घे की मग!"

"लाईट नाही. या आठवड्यात रात्रीची हाय."

पुढचा सगळा मोकळा वेळ दाजींनी आशियातल्या सर्वांत चांगल्या किनाऱ्यावर, समुद्राकडं पाठ करून, अर्धापूरच्या बागेला पाणी दिलं. फोन आडवा धरून. "त्या कोपऱ्यात दाखव. त्या नाही, लिंबाकडच्या." मागं लाटा. सालगड्यालाही लाटांचं काही वाटलं नाही. त्यानं एकदा फक्त विचारलं, "मालक, एवढं पाणी कुणाचं?" दाजींनी आजूबाजूला बघितलं तर दुसऱ्या टोकाला साहेबांचं लातूरच्या ऑफिसशी भांडण चालू होतं, तिसऱ्याचं पोराशी, नीटच्या क्लासची फी भरायची राहिली म्हणून. पाची नवऱ्यांना एकाच वेळी रेंज मिळालेली.

आणि पाची बायका पाण्यात होत्या. साडीचा ओचा कमरेला खोचून, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग ज्याची त्याची सोय. कुणी कुणाचा फोटो काढत नव्हतं, कारण फोन नवऱ्यांकडं होते. तो दोन तासांचा कार्यक्रम ग्रुपच्या चारशे फोटोंमध्ये कुठंच नाही.

अक्काचा सी-वॉक त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, एलिफंट बीचवरचा. डोक्यावर काचेचं जडशीळ हेल्मेट घालून शिडीनं समुद्रात उतरवतात, नळीतून हवा सोडतात आणि तळावर चालायला लावतात. दाजींचं बीपी निघालं म्हणून त्यांना सोडलं नाही. अक्का एकटीच उतरली. काठावर दाजी ओरडत होते, हळू, धर, वर ये म्हणून. खाली काही ऐकू येत नाही. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हाताला लागून जातात म्हणे. ती वर आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं, भ्या वाटलं का, दम लागला का. अक्का हेल्मेटमधून डोकं काढत म्हणाली, "माय, काय शांतता! इतक्या वेळात कुणी च्या मागितला नाही."

हे वाक्य दाजींनी ऐकलं, पण त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचा च्या राहिला होता, त्याची आठवण मात्र झाली.

परत आल्यावर दाजींनी बिल सादर केलं. बोर्डिंग पास रबरासकट. गावाला त्यांनी कोठडीचा फोटो दाखवला, गावानं नमस्कार केला. गुरुजींनी पण बघितला आणि विचारलं, मग बाकीचे पाच दिवस? दाजी म्हणाले, तिथं बघण्यासारखं लई आहे. अक्काला बायकांनी विचारलं, तर ती सी-वॉकबद्दलच तासभर बोलली. दाजींचा उल्लेख त्यात एकदाच आला, बीपीच्या संदर्भात.

पुढच्या वर्षीचं तिचं ठरलंय. भिशीच्या बाया मिळून दुबईला जायलेत. नुसत्या बाया. पासपोर्टचं काम हल्ली पोस्टातही होतं, म्हणून फॉर्मचं दाजींच्याच गळ्यात टाकलंय. परवाच्या रविवारी त्यांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही असतावच की लातूरला," अक्का म्हणाली.